बिनदाराच्या घरातलं कुलूप

बाळांनो, डोळे मिटा आणि एक घर डोळ्यांसमोर आणा. भिंती आहेत, छप्पर आहे, पण दाराच्या जागी नुसती चौकट. शनिशिंगणापुरातलं राजनंदिनीचं घर असंच. सहावीतली ही पोर वर्षभर पोटाने हैराण होती. आतड्याला आतून सूज. भर वर्गात हात वर करायचा आणि पळायचं, हे रोजचंच. डॉक्टरांच्या गोळ्या चालू होत्या, पण गुण यायला वेळ लागत होता.

त्या रविवारी पुण्याहून राजेश्वरीमावशी आली. ती प्रयोगशाळेत याच दुखण्यावर काम करायची. हातात छोटी पेटी, पेटीला कुलूप. ती पेटी तिला नगरच्या एका कॉलेजात पोचवायची होती.

"आदी ते कुलूप काढ बाई," राजनंदिनीची आई सुरेखा म्हणाली. "हितं देवाचा पहारा हाय. कुलूप लावलं म्हंजी त्याच्यावर भरवसा न्हाई."

"तू आणि तुझा देव!" मावशी हसली. तिने कुलूप काढून पेटीशेजारी कोनाड्यात ठेवलं.

"आत काय हाय गं, मावशी?" राजनंदिनीने विचारलं.

"तुझ्या दुखण्यावर आम्ही शोधतोय ती युक्ती. सुजलेलं आतडं हाका मारतं. त्या हाकांना केमोकाइन म्हणतात. रक्तातल्या पांढऱ्या पेशी म्हणजे शिपाई. त्यांना ती हाक ऐकायला कान असतात. हाक आली की नको इतके शिपाई धावत येतात आणि घरातलीच भांडी फोडतात. या पेटीतल्या बाटलीतली पूड त्यांच्या कानात बोळ्यासारखी बसते. मग सूज उतरते."

एवढं ऐकून सुरेखा तव्यावरची भाकरी उलटायला आत पळाली. पुढचं तिने ऐकलंच नाही.

"मग मला दे की!"

"वेडे, अजून उंदरांवरच चाललंय. माणसाला सोसेल का, कुणाला ठाऊक? आणि खरा रोग शिरला, तर बहिरे शिपाई काय कामाचे?"

जेवण करून मावशी दर्शनाला गेली. सुरेखाने लेकीपुढे पेला धरला. "ताक पी. गटकन."

पेला ओठांजवळ नेताना राजनंदिनीची नजर मोरीकडे गेली. पेटीतली बाटली तिथे आडवी पडली होती. रिकामी!

"आई, ह्यात काय घातलं?"

"मावशीचं औषध. सख्ख्या बहिणीची वस्तू, त्यात इचारायचं काय? सूज उतरती म्हनाली ना ती?"

"उंदरांचं हाय ते! मानसाला कुनी दिलंच न्हाई अजून!"

सुरेखा मटकन खाली बसली. "माज्या हातानं..."

पेला अजून राजनंदिनीच्या हातात होता. तेवढ्यात पोटात कळ उठली. एक घोट घेतला तर? उद्यापासून वर्गातून पळणं नाही. मन क्षणभर तिकडे ओढलं गेलंच.

मग मावशीला दाखवायला तिने पेला न सांडता पेटीत उभा ठेवला, शेजारी रिकामी बाटली ठेवली, कोनाड्यातलं कुलूप उचललं आणि आईच्या डोळ्यांदेखत खटकन लावून टाकलं.