टोपीपर्यंत गेलेला हात

ब्रशचा एक केस. काळा, आखूड, कॉफीच्या कपाच्या काठाला चिकटलेला.

काठोकाठ भरलेला पेला. त्यातला बर्फ विरघळून गेला, तरी काठोकाठ.

जॅमचे रिकामे डबे. पाणी भरून अंगणात ठेवायचे, सकाळपर्यंत त्यांचे दगड.

गाडीच्या नाकातून लोंबणारी तुटकी वायर. रात्रभर इंजिन गरम ठेवणारी ती वायर भिंतीतल्या विजेच्या प्लगमधून न काढताच आज कुणीतरी गाडी सुरू केली.

टोपी. लाल, लोकरीची. तिच्याकडे जाणारा हात.

मार्लिसनं तो केस चिमटीत घेतला आणि कर्लिंग क्लबच्या खिडकीतून येणाऱ्या उजेडात धरला.

"तुझा आहे," ती डार्लाला म्हणाली.

"काळा? माझ्या डोक्यावर शेवटचा काळा केस होता तेव्हा आपला बाप जिवंत होता."

"ब्रशचा म्हणतेय मी."

"मग ब्रशला विचार, माझे आई." डार्ला हसली, वाकून बुटाची नाडी बांधायला गेली आणि वाटेतच थांबली. "हे गुडघे आता चर्चमध्येसुद्धा वाकत नाहीत, आणि तू मला बर्फ घासायला लावतेस."

हसली. पण मार्लिसकडे न बघता हसली — की नाडीकडे बघत होती म्हणून? धाकट्या बहिणीचं हसू असं उलटंपालटं करून बघायची सवय केव्हा लागली, हे मार्लिसला नेमकं ठाऊक होतं. बाजूच्या भिंतीवर नवा फलक टांगलेला होता, अजून कापडाखाली. खेळ संपला की कापड निघणार. खाली सोनेरी अक्षरांत चौघींची नावं, तिचं सगळ्यात वर: कर्णधार, देशाच्या विजेत्या. गावातल्या शाळेला, रस्त्याला, कशालाच तिचं नाव नव्हतं. हेच काय ते. आणि त्यासाठी क्लबनं मॅनिटोबा प्रांतातून वर्ना टाइकरोबला बोलावलं होतं, कैक वर्षांपूर्वीच्या त्या अंतिम सामन्यात हरलेली कर्णधार. मैत्रीचा सामना, म्हणे.

वर्ना आली. सगळ्यांशी हात मिळवला. मार्लिसच्या हातात तिचा हात जरा कमी वेळ राहिला... किंवा वर्नाचे हात गार होते आणि तिला ते खिशात घालायचे होते.

काय पाहिलं होतंस तू, वर्ना?

त्या अंतिम सामन्यातली शेवटची फेक मार्लिसचीच होती. दगड हातातून सुटला तेव्हाच कळलं, हलका गेला; पुढचा बर्फ घासला तरच पोचणार. ती ओरडली, घासा, घासा, आणि डार्ला दगडाच्या पुढ्यात वाकून जिवाच्या आकांतानं बर्फ घासू लागली, आणि मार्लिसला दिसत होती फक्त डार्लाची पाठ. नुसती पाठ! दगड सरकत गेला, वर्नाच्या दगडाहून बोटभर आत, घराच्या, म्हणजे बर्फावर रंगवलेल्या वर्तुळांच्या, मध्याशी येऊन थांबला, आणि सगळं सभागृह उठलं. त्याच्या जरा आधी डार्लाचा हात वर गेला होता. अर्धा. मग तो टोपीपाशी थांबला आणि त्यानं टोपी सारखी केली.

धावत्या दगडाला ब्रश लागला तर दगड जळला, म्हणजे बाद. पंच सांगत नाही, समोरचा सांगत नाही. ज्याचा ब्रश लागला त्यानं हात वर करायचा. या गावात मुलं आधी हे शिकतात, मग फेकायला. लहानपणी अंगणातल्या डब्यांच्या खेळात बाप घरात झोपलेला असला, बघणारं कुणी नसलं, तरी डार्ला हात वर करायची — "जळला! माझ्याकडून!" — आणि मार्लिस चिडायची, कारण डार्ला तिच्याच बाजूनं असायची.

मग त्या दिवशी टोपी का?

नंतर रिवाजाप्रमाणे जिंकणाऱ्यांनी हरलेल्यांना पहिला पेला पाजला. मार्लिसनं स्वतः वर्नासमोर राय व्हिस्की ठेवली. वर्ना गोड बोलली, मुलांची चौकशी केली, आणि उठून गेली. पेला तसाच. त्या फेकीच्या वेळी वर्ना वर्तुळांच्या घरामागे उभी होती, तोंड डार्लाकडे. तिला डार्लाचा ब्रश समोरून दिसला होता. जो माणूस पाहतो आणि बोलत नाही तो असाच पेला ठेवून जातो. नाहीतर कशाला?

डार्लाला विचारायचं नाही, असं मार्लिसनं ठरवलं होतं. विचारलं आणि ती हो म्हणाली, तर विजेतेपद आपलं नव्हतंच. नाही म्हणाली, तर तिच्यावर विश्वास ठेवावा लागेल.

आता, मैत्रीच्या सामन्यात, मार्लिस वर्तुळांच्या घरात उभी होती, ब्रश टेकवून, आणि पलीकडून तिच्या संघाचा दगड निघाला होता. शेवटचा डाव, बरोबरी. डार्ला पुढ्यात वाकून घासत येत होती, गुडघ्यांना शिव्या देत, आणि मार्लिसच्या अचानक लक्षात आलं की आपण आज वर्नाच्या जागी उभे आहोत. समोरून. डार्लाचे ओठ, पांढरे केस, ब्रशचा काळा चौकोन, आणि ब्रश आणि दगड यांच्यामध्ये स्वच्छ फट, बर्फाची, उजेड असलेली. मार्लिसनं डोळे मिटले नाहीत. एकदाही.

डार्लाचा हात वर गेला. पूर्ण.

"जळला! माझ्याकडून!" आणि तिनं पायानं दगड अडवून बाजूला सारला.

"अगं बाई, असू दे की, कोण बघतंय!" काचेपलीकडून कुणीतरी ओरडलं. लोक हसले.

वर्ना हसली नाही. तिनं मान जराशी हलवली, डार्लाकडे बघून. कसली मान ती? धन्यवाद? पोचलं? फिटलं?

मार्लिसचा संघ हरला.

वर, टेबलाशी, डार्लानं पिरोगीवर, बटाटा भरलेल्या उकडलेल्या करंज्यांवर, परतलेला कांदा ओतून घेतला. मार्लिस तिच्या कानाशी वाकली.

"लागला नव्हता."

"लागला."

"मी समोर उभी होते, डार्ला. फट होती."

"माझ्या ब्रशचं तुला माझ्यापेक्षा जास्त कळतं?" डार्लानं काटा खाली ठेवला नाही. "हाताला कळतं गं. केसभर लागला तरी हाताला कळतं. तिथून तुला काय दिसणार?"

तिथून काय दिसणार! मग त्या दिवशी वर्नाला तरी तिथून काय दिसलं? काहीच नाही, असंही असेल. किंवा डार्ला खोटं बोलतेय — वर्नाच्या डोळ्यांदेखत, फलकाचं कापड निघायच्या आधी, एक न जळलेला दगड देऊन एक जळलेला दगड फेडतेय. आणि हाताला जर केसभरसुद्धा कळतं, तर त्या दिवशीही कळलं असणार. कळून हात टोपीकडे गेला. किंवा कळण्यासारखं काही घडलंच नाही, आणि टोपी डोळ्यांवर आली होती. हे सगळं एकाच वेळी खरं वाटू लागलं, आणि मार्लिसला पहिल्यांदाच संशयात आधार सापडेना.

"घे," वर्ना म्हणाली. तिनं मार्लिससमोर राय ठेवली, काठोकाठ. आज जिंकणाऱ्या त्या होत्या. स्वतःसमोर तिनं कॉफी ओढून घेतली. "चांगली खेळलात. तुझा आवाज अजून तसाच आहे हं, विनिपेगपर्यंत ऐकू येईल."

"तू नाही घेत?"

"गाडी चालवायचीय."

अजूनही आमच्याबरोबर प्यायची नाही, मार्लिसच्या मनात आलं. कापड निघालं. टाळ्या वाजल्या. सोनेरी अक्षरांत तिचं नाव सगळ्यात वर होतं, आणि ती ते दुसऱ्याच कुणाचं असावं तसं वाचत राहिली. डार्लानं टाळ्या वाजवता वाजवता हात डोक्याकडे नेला. टोपी नव्हती. तिनं केस सारखे केले.

समोरचा पेला मार्लिसनं उचलला नाही. उचलावा असं वाटत होतं. पण हात टेबलावरून निघेना, आणि का निघत नाही ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं. पलीकडून वर्ना त्या भरल्या पेल्याकडे बघत होती, बराच वेळ, काहीतरी कळून घ्यायचा प्रयत्न करत असल्यासारखी.

वर्ना टाइकरोबनं दारू सोडली ती त्या अंतिम सामन्याच्या आदल्या नाताळात.