एर्गाशच्या वेलीचे बेदाणे

माझा दीर एर्गाश रशियात बांधकामावरून पडून गेला, त्याला वर्ष होत आलं. शवपेटी आली ती खिळे ठोकून बंद. सासूबाईंना लेकाचं तोंडसुद्धा बघायला मिळालं नाही. त्याने लावलेल्या वेलीला यंदा पहिल्यांदाच द्राक्षं धरली, आणि त्यांनी एकच ध्यास घेतला. त्याच्या वर्षाच्या जेवणाला पुलाव होईल, त्यात बेदाणे पडतील ते ह्याच वेलीचे.

मी म्हटलं, "आई, राखेच्या उकळत्या पाण्यातून काढू, गच्चीवर उन्हात टाकू. आठवड्यात मोकळ्या होऊ."

"उन्हात लाल पडतात. त्याला हिरवे आवडायचे. सावलीतच वाळवायचे."

झालं. परसातल्या मातीच्या खोलीला भिंतभर झरोके आहेत, वारा येतो, ऊन येत नाही. फुटका मणी राहिला तर अख्खा घोस आंबतो, म्हणून आम्ही एकेक मणी बघून घोस टांगले. मी कुरकुरत होते खरी, पण मणी सुरकुतायला लागले तशी मीच सारखी डोकावायला लागले.

एक दिवस शेजारची हुरियत आली. "बाई बाई, काय घोस हे!" म्हणाली आणि गेली. सासूबाईंचा चेहरा उतरला. दुसऱ्या दिवशी मी बाजारातून येते तर झरोक्यांतून धूर. आत सासूबाई तव्यावर हरमलाच्या बिया जाळत बसलेल्या, दृष्ट काढायला.

"हे काय करून बसलात?"

"दृष्ट लागली तर? एकदा लागली तेवढी पुरे झाली."

तवा उचलून मी बाहेर उकिरड्यावर भिरकावला. अर्धवट वाळलेलं फळ मिळेल तो वास पिऊन घेतं, हे त्यांना का मी सांगायचं? उतरवले तेव्हा बेदाणे रंगाला असे हिरवेगार की बघत राहावं, आणि तोंडात टाकला की कडवट धूर. मूठभर धुऊन बघितले, तर फुगून काळपटले आणि वास तसाच.

"मी बाजारातून आणते," मी म्हटलं. "हे घातले तर लोक थुंकतील."

"बाजारात त्याची वेल आहे का?" बेदाण्यांची चाळणी मांडीवर घेऊन त्या एवढंच म्हणाल्या. पेटी आली त्या दिवशीसुद्धा न रडलेली बाई रडत होती. चाळणी नेऊन मी आचाऱ्याच्या हातात दिली.

वर्षाच्या सकाळी अंगणात पुरुषांची पंगत बसली. कुणी बेदाणे ताटाच्या कडेला सारत होते. दारातून बघताना मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांच्यात तोलिब होता, एर्गाशबरोबर तिकडे एका खोलीत राहणारा, पेटी घेऊन आलेला. त्याने एक घास घेतला आणि थांबला. मग तोंडावर हात धरला.

पुरुषांच्या पंगतीत बायका जात नाहीत. सासूबाई गेल्या.

"कडू लागलं का रे पोरा?"

"नाही, मावशी. एर्गाशचा कोट आठवला. निघताना तुम्ही त्याला हरमलाची धुरी द्यायचात ना? खोलीभर हाच वास असायचा. आईला खिशात घालून आलास, म्हणून आम्ही त्याला चिडवायचो."

"शेवटी होता का तो कोट अंगावर?"

"होता. त्याच्यातच गुंडाळून आणला त्याला."

सासूबाई तिथेच खाली बसल्या. मग शेजारच्या ताटाच्या कडेला सारलेले बेदाणे त्यांनी एकेक करून उचलले आणि खाल्ले.