दोघं एका पदराखाली

भागुबाईला कार्तिकात जुळं झालं. आधी मुलगा आणि घटकाभरानं मुलगी. मुलगा अंगानं बरा होता, मुलगी मात्र सुईणीच्या एका तळहातावर मावेल एवढीशी. सुईणीनं तिला कापसात गुंडाळलं आणि मुलाच्या पायाशी ठेवून दिलं. "हिचं काय सांगता येत नाय," ती हात धुता धुता म्हणाली.

साल एकोणीसशे चौतीस. नाशकाबाहेर, गंगापूरच्या रस्त्याला बहिरूचा फुलांचा मळा होता. गुलाब, शेवंती, झेंडू. बहिरू सकाळी पाट्या भरायचा आणि गंगेवर, म्हणजे गोदावरीच्या घाटावर, फुलं विकायला जायचा. घरात त्याची आई नवसाबाई आणि बायको भागुबाई, एवढीच माणसं. भागुबाईची आई ती लहान असतानाच वारली होती, म्हणून हे पहिलं बाळंतपणही सासरीच झालं.

नवसाबाई सुनेचं सगळं करत होती. डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, शेक, शेगडी, कशात कमी नव्हतं. पण जुळ्यांच्या बाबतीत तिचं मत पक्कं होतं. "एका आईचं दूध दोघांना पुरत नाय. आधी पोराला पाज, उरलं तर पोरीला." उरायचं काहीच नाही. मग शेळीच्या दुधात कापडाची वात भिजवून ती पोरीच्या तोंडात द्यायची.

बाराव्या दिवशी मुलाचं नाव सावळीराम ठेवलं. मुलीचं ठेवलंच नाही.

"आत्या, हिचं नाव?" भागुबाईनं सासूला विचारलं.

"तिचं नाव चांदवडला ठेवतील."

चांदवडला नवसाबाईची लेक सखुबाई दिलेली होती. लग्नाला नऊ वर्षं झाली, पण कूस उजवली नव्हती. सव्वा महिना झाला की सखुबाई आणि तिचा नवरा देवराम येऊन मुलीला घेऊन जाणार, असं आईनं आणि लेकानं ठरवून टाकलं होतं. चांदवडला निरोपही गेला होता. राहिली होती फक्त भागुबाई, तिलाही ते आता, वाटीतलं पाणी बाहेर फेकावं तसं सांगून झालं.

बहिरू खोलीच्या दाराशी आला तेव्हा तिनं विचारलं, "तुमी हो म्हणले?"

"तुला दूध पुरत नाय, आई म्हणती. सखूकडं दोन दुभत्या म्हशी हायेत. सुखात राहील पोर."

"मला इचारलं का कुणी?"

बहिरूनं पाटी उचलली आणि तो मळ्यात निघून गेला.

दूध पुरत नाही हे खोटं आहे, असं भागुबाईला ठासून म्हणता येत नव्हतं. ती पाटावर बसायची, लेकरू मांडीवर आडवं घ्यायची आणि त्याच्यावर वाकायची. वाकून वाकून पाठीत उसण भरे. लेकरू नुसतं टोक धरून ओढायचं, सुटायचं, पुन्हा ओढायचं. तिच्या दोन्ही बाजूंना चिरा पडल्या होत्या, त्यातून रक्त यायचं. लेकरू तोंडाशी आलं की ती पदराचा बोळा दातात धरायची. अर्धा तास पाजूनही सावळीराम रडतच असे, आणि पोरीला घ्यायची वेळ येईतो भागुबाईच्या अंगातलं बळ सरलेलं असे.

पाहुणे येणार म्हणून नवसाबाईनं घरातली जुनी गादी उसवायला काढली. कापूस पिंजायला जुन्या नाशकातला निसार पिंजारी आला. सोबत त्याची बायको अनवरी होती. पन्नाशीची, उंच, मोठ्या हाताची बाई. दोघांनी अंगणातल्या उंबराखाली बसकण मारली आणि पिंजणाचा टणत्कार सुरू झाला. तेवढ्यात नवसाबाई दुपारच्या भाकरी घेऊन मळ्यात गेली. आत पोर रडायला लागलं, आणि पाठोपाठ आईचं कण्हणं ऐकू आलं.

अनवरी हातातलं काम ठेवून दाराशी आली. "आत येऊ का, बेटी?"

"या," भागुबाई म्हणाली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता.

अनवरीनं दोन्ही लेकरांकडं पाहिलं. "दोन हायेत? माझेबी जुळेच. इसाक आणि रेहाना. दोघं माझ्या अंगावर वाढले. रेहाना आता मालेगावला नांदतीया, तिला तीन लेकरं हायेत."

"दोघंबी अंगावर?"

"दोघंबी. दूध काय रांजणात भरून ठेवलेलं असतं व्हय, काढलं की संपलं? लेकरू जेवढं ओढील तेवढं येतं. पण त्याला ओढता तर आलं पायजे. तू बसलीयस कशी ते बघ."

तिनं आधी लेकराला हात लावलाच नाही. भागुबाईची पाठ भिंतीला टेकवली, मध्ये गोधडीची घडी दिली. पायाखाली पाट सरकवला. "खांदे सोड. कानाला लावल्यागत वर कशाला धरलेस? आता नीट ऐक. तू लेकरावर वाकतीस. वाकायचं नाय. लेकराला आपल्याकडं आणायचं."

तिनं पोरीला उचललं आणि कुशीवर वळवून आईशी लावलं, पोटाला पोट. "मान एकीकडं आणि पोट एकीकडं ठेवलंस तर ती गिळील कशी? तू तरी मान मागं वळवून पाणी पी बघू. हां. कान, खांदा, कंबर, सगळं एका रेषेत. तिचं नाक तुझ्या टोकासमोर आलं पायजे. आता घाई करू नको. तिनं जांभई दिल्यागत मोठं तोंड उघडलं की लगेच जवळ घे. डोकं दाबायचं नाय, मानेला आणि पाठीला आधार द्यायचा."

दोनदा चुकलं. तिसऱ्यांदा पोरीनं तोंड मोठं उघडलं आणि हनुवटी आईच्या अंगात रुतली. भागुबाईनं सवयीनं दात आवळले. पण कळ आली नाही. पोरीचे गाल हलत होते आणि मधून मधून घोट गिळल्याचा बारीक आवाज येत होता. पंधरा दिवसांत तो आवाज भागुबाईनं पहिल्यांदाच ऐकला.

"दुखत नाय," ती हळूच म्हणाली.

"दुखायलाच नको. दुखलं तर समजायचं, धरायचं चुकलं. मग लेकराच्या तोंडाच्या कोपऱ्यात बोट घालून सोडवायचं आणि पुन्हा लावायचं. सोसत बसायचं नाय."

मग अनवरीनं दोघांना एकदम घ्यायचं शिकवलं. शाळेत जाणारं पोर पाटी काखेत धरतं तसं एकाला या काखेत, दुसऱ्याला त्या काखेत. पाय मागं, तोंडं पुढं. पण हात लगेच भरून आले. "खाली भक्कम टेकू पायजे," अनवरी म्हणाली. "चंद्रकोरीगत उशी. कमरेभोवती बसली पायजे. निसार आत्ता करून देतो, पण कापूस लागंल."

अंगणात नवसाबाईच्या गादीचा कापूस पिंजून ढीग होऊन पडला होता. भागुबाई उठली, बाळंतिणीनं ओलांडू नये तो उंबरा ओलांडून बाहेर आली आणि दोन्ही हातांनी कवळाभर कापूस उचलून निसारच्या पुढ्यात टाकला. खोळीसाठी तिनं आपलं जुनं लुगडं फाडून दिलं.

संध्याकाळी नवसाबाईनं गादी चाचपली. "ही एवढी पातळ कशी?"

"मी घेतला कापूस," भागुबाई म्हणाली. उशी तिच्या कमरेभोवती होती आणि दोन्ही लेकरं तिच्यावर होती.

"पाहुणे काय जमिनीवर निजतील?"

"निजू द्या."

नवसाबाई पाहतच राहिली. सुनेनं असं उत्तर कधी दिलं नव्हतं. "ही कुठली तऱ्हा? पोराच्या वाटणीचं तिला पाजतीस. दोघंबी हातची जातील, सांगून ठेवते!"

पहिले चार दिवस कठीण गेले. पोरं तासातासाला मागायची, आणि आत्याचंच खरं होणार की काय, असं भागुबाईला वाटे. पण चिरा भरू लागल्या. आठवड्याभरात दूध असं आलं, की एक लेकरू लावलं की दुसऱ्या बाजूनं चोळी भिजायची. शेळीच्या दुधाची वाटी तिनं एका सकाळी सासूसमोरच मांजरापुढं ठेवली. त्याच दिवशी तिनं बहिरूला फुलांचा तराजू आत आणायला लावला आणि पोरीला एका पारड्यात निजवलं.

"लेकराला कुणी तोलतं व्हय? नजर लागंल!" नवसाबाई ओरडली.

"तुमी तर तिला देऊन मोकळ्या झाल्या. मग नजरेची काळजी कशाला?"

आठ दिवसांनी पुन्हा तोललं. मागच्या वेळची वजनं तशीच ठेवली होती. पोरीचं पारडं धपकन खाली गेलं. बहिरूनं आणखी अर्ध्या पावशेराचं वजन टाकलं तेव्हा काटा जागेवर आला. बाहेर जाताना दारात थांबून त्यानं पोरीकडं एकदा वळून पाहिलं.

सव्वा महिना झाला. सखुबाई आणि देवराम सर्विस मोटारीनं नाशकाला उतरले आणि टांग्यानं मळ्यात आले. सखुबाईनं नवं झबलं, कुंची, चांदीचे वाळे, सगळं एका गाठोड्यात आणलं होतं. तिच्या चेहऱ्यावर इतका आनंद होता, की भागुबाईला तिच्याकडं बघवेना.

चहापाणी झालं. नवसाबाई म्हणाली, "भागू, पोरीला आण बाहेर."

भागुबाई आली. एका हातावर सावळीराम, एका हातावर पोर, काखेत उशी. पडवीत उन्हाची तिरीप होती तिथं ती भिंतीला टेकून बसली, उशी कमरेभोवती घेतली, लुगड्याचा पदर पुढून सोडला आणि सगळ्यांदेखत दोघांना एकदम छातीशी लावलं. देवराम गडबडीनं उठून विहिरीकडं गेला.

"अगं, लाज सोडलीस का?" नवसाबाई किंचाळली. "जावई उठून गेला बघ!"

"पदर हाय की वर. दूध पुरत नाय म्हणून माझी लेक न्यायला आले ना? मग पुरतं का नाय, ते बघून जाऊ द्या."

पडवीत दोन लेकरांच्या घोटांचा आवाज तेवढा येत होता. सखुबाई जवळ आली, खाली बसली. पदराबाहेर पोरीचे दोन पाय आले होते, गोरेपान, चांगले भरलेले. सखुबाईनं एका टाचेला बोट लावलं.

"आई," ती न वळताच म्हणाली, "तू तर सांगितलंस, पोर मराय टेकलीय, नेली तर वाचंल."

"तवा होतीच तशी," नवसाबाई पुटपुटली.

सखुबाईनं भागुबाईकडं पाहिलं. "वयनी, मला दे तिला. तुला एक हाय. मी तिला खाली ठेवायची नाय, फुलासारखी जपीन."

"जपाल, वन्सं. मला ठाव हाय."

"मग?"

"तुमचं दुःख मला कळतं. पण माझी लेक काय त्याच्यावरचा उतारा नाय. मी जित्ती हाय, माझ्या अंगात दूध हाय, आणि मला कुणी इचारलंबी नाय. मी देणार नाय. आज नाय, उद्याबी नाय. तिचं नाव कमळा. मी ठेवलंय."

"बहिरू, ऐकतोस ना?" नवसाबाई म्हणाली. "बोल की काय तरी!"

"माझी बायको बोलली," बहिरू म्हणाला. "तेच माझं."

"तुझ्या बायकोनं घर डोक्यावर घेतलंय!" नवसाबाई पुढं आली.

भागुबाईनं तिच्याकडं मान वळवली, अंग ताठ झालं आणि त्या झटक्यात उशी सरकली. कमळा काखेतून मागं घसरली. भागुबाईचे दोन्ही हात गुंतलेले. नवसाबाई तशीच गुडघ्यावर बसली आणि तिनं पोरीच्या मानेखाली हात घातला. आजवर तिनं या नातीला वातीनं दूध पाजलं होतं, पण उचलून घेतलं नव्हतं. परक्या घरी जाणाऱ्या पोरीचा लळा नको, म्हणून. पोर तिच्या तळव्यावर टेकली, आईचं अंग शोधत तोंड उघडलं आणि पुन्हा पिऊ लागली.

नवसाबाईला हात काढता येईना. ती तशीच बसून राहिली, सुनेच्या मांडीला मांडी लावून, मान दुसरीकडं वळवून.

सखुबाई दुसऱ्या दिवशी सकाळीच निघाली. गाठोडं जसं आणलं तसं घेऊन गेली. भागुबाई पाया पडायला वाकली तेव्हा तिनं पाय मागं घेतले. त्यानंतर दोन वर्षं ती माहेरी आली नाही, राखीलाही नाही. बहिरूला ते लागलं. भागुबाईलाही लागलं, पण आपलं चुकलं असं तिला एकदाही वाटलं नाही. नवसाबाई पंधरा दिवस सुनेशी बोलली नाही. मात्र पाजायची वेळ झाली की समोर येऊन बसे आणि भिंतीकडं बघून म्हणे, "धाकटीची मान सांभाळ."

चैत्रात मोगरा सुरू झाला आणि भागुबाई बहिरूबरोबर गंगेवर फुलं विकायला जाऊ लागली. एका कोपऱ्यात, पाट्यांच्या आड, ती दोघांना घेऊन बसायची. एक दिवस पूजेला निघालेले एक गृहस्थ गजऱ्यांपाशी थांबले, आणि तिला पाहून त्यांनी नाक मुरडलं.

"अहो बाई, हे देवाचं ठिकाण आहे. कुठेतरी आत जाऊन बसा."

"आत कुठं?" भागुबाई म्हणाली. "देवानंच दिलीयत ही, दोघं एकदम. मोगरा घ्यायचा तर घ्या, नायतर पुढच्या गिऱ्हाइकाला वाट द्या."

मागं उभ्या असलेल्या दोन बायका हसल्या आणि पुढं सरकल्या. एकीनं गजरे निवडायला घेतले. दुसरी भागुबाईशेजारी खाली बसली आणि हळूच विचारू लागली, "दोघांना एकदम धरायचं कसं गं? माझ्या भाचीला परवाच जुळी झालीयत."

"बसा इथं," भागुबाई म्हणाली. "दाखवते."