क्लोदेतच्या टोपाचे ठोके

मी एक टोप. ॲल्युमिनियमचा, जाड बुडाचा, अंगावर सतरा पोचे मिरवणारा.

पोर्ट-ओ-प्रिन्समधल्या एका ओताऱ्याने मोडकी इंजिनं वितळवून मला वाळूच्या साच्यात ओतलं. क्लोदेतने आधी टिचकी मारून माझा आवाज ऐकला, मगच मला डोक्यावर घेतलं. आमच्याकडे टोप असाच पारखतात. गल्लीवर संकट आलं की प्रत्येक बाई टोप बडवते.

रोज माझ्यात भात आणि राजमा शिजे, एक जानेवारीला, देशाच्या स्वातंत्र्यदिनी, भोपळ्याचं सूप. क्लोदेतचा नवरा आनेल अर्धांगाने खाटेला खिळलेला.

"तुझा जीव माझ्यावर की त्या टोपावर?" तो विचारी.

"टोप कुरकुर करत नाही," ती म्हणे आणि पहिला घास त्यालाच भरवी.

पुढे गुंडांच्या टोळ्यांनी एकेक वस्ती गिळली. त्यांना आवरायला परदेशी पोलीस आले. त्यांची चिलखती गाडी पहिल्यांदा आमचा चढ चढली, तेव्हा सगळ्या बायकांनी आनंदाने टोप वाजवले. गाडीवरच्या पोलिसाने हसून हात हलवला.

तीन आठवड्यांनी, भर दुपारी, टोळी ओढ्याकडून वर आली. आनेलला एकटीने उचलणं शक्य नव्हतं. क्लोदेत मला घेऊन रस्त्याकडे धावली. तीच गाडी, तोच पोलीस. ती माझ्यावर पळीने घाव घालत ओरडली, "थांबा! माझा माणूस आत आहे!"

त्याला आमची भाषा येत नव्हती. त्याने हसून हात हलवला. गाडी निघून गेली.

आम्ही परतलो तेव्हा पेटलेल्या घराचा पत्रा खाली बसला होता. आनेल त्याखाली होता.

आता आम्ही एका शाळेच्या आवारात राहतो. परवा तोच पोलीस तिथे पहाऱ्यावर आला. आम्हाला ओळखून तो काहीतरी बोलला.

"म्हणतोय, तुम्ही दोनदा छान स्वागत केलंत," त्याच्यासोबतच्या दुभाष्याने सांगितलं.

क्लोदेत राजमा निवडत होती. तिने मान वर केली नाही. "त्याला सांग, आनंदाच्या ठोक्यात ताल असतो. दुसऱ्या वेळचे ठोके न थांबता पडत होते."

त्याला नीट समजलं नसावं. त्याने माझ्यातली पळी उचलली, माझ्यावर भराभर ठोके मारले आणि भुवया उंचावून तिच्याकडे पाहिलं: असे?

सगळं आवार उठलं. कोणी ओरडलं नाही. बायकांनी पोरं काखेला मारली, गाठोडी उचलली आणि सगळे फाटकाकडे धावले.

पोलीस जागीच थिजला. क्लोदेतने त्याच्या हातातली पळी हळूच काढून घेतली.

"हो," ती म्हणाली. "असेच."

माझं खरं काम शिजवण्याचं. उद्याही भात शिजवीन. पण मदतीला आलेल्यांनो, मी पुन्हा असा वाजलो तर हात हलवू नका. गाडीतून खाली उतरा.