पाटील निघालेत

देवाप्पा कोलकारांच्या घरी माडीवरच्या खोलीला सगळे ‘हापीस’ म्हणायचे. हापीस म्हणजे काय, तर एक टेबल, एक जुना लॅपटॉप, ओळीनं मांडलेले मोबाइल आणि त्यांची लेक पारमिता. लाल कव्हराचा मोबाइल वाजला की पारमिता निपाणीच्या फॅब्रिकेशनवाल्याचं ऑफिस व्हायची, निळा वाजला की खानापूरच्या मोटार रिवाइंडिंगवाल्याचं. कन्नडमधून फोन आला तर ‘हेळ्री सर’, मराठीतून आला तर ‘बोला ना’. या धंदेवाल्यांचे हात दिवसभर ग्रीसात नाहीतर वेल्डिंगच्या ठिणग्यांत, फोन घेणार कोण? आणि फोन नाही उचलला की गिऱ्हाईक चाललं दुसरीकडं. म्हणून फोन घ्यायचा, वेळ ठरवायची, कोटेशन धाडायचं, बिल करायचं आणि ‘आमचा माणूस निघालाय’ असं छातीठोक सांगायचं, हे सगळं पारमिता बेळगावात घरी बसून करायची. माणूस तिकडं अजून आंघोळीला बसलेला असला तरी निघालेलाच असायचा. त्यालाच धंदा म्हणतात.

हे ती शिकली बेंगळुरात. तिथं एका कंपनीत बसून ती परदेशातल्या प्लंबरांचे फोन घ्यायची. साता समुद्रापलीकडच्या कुणा गोऱ्या मिस्त्रीनं आज कुणाच्या न्हाणीघरात जायचंय, ते ही पोरगी इथनं सांगायची. एक दिवस तिच्या मनात आलं, अगं बाई, माझा बाप पण प्लंबरच की! तो नाक्यावर पाना घेऊन उन्हात उभा, आणि मी जगाची कामं लावत बसलेय. आली नोकरी सोडून. पहिलं गिऱ्हाईक आप्पा. बघता बघता आप्पांचं नाक्यावर उभं राहणं सुटलं. इस्त्रीचा शर्ट घालून, वेळ ठरवून, स्कूटीवरनं कामाला जायला लागले. भेटेल त्याला सांगायचे, "आमचं काम आता हापीसातनं येतंय." इथवर सगळं झकास होतं.

पण या शहाणीनं एक घोळ घालून ठेवला होता आणि तो कुणाला म्हणजे कुणालाच सांगितला नव्हता. फोनवर ती पारमिता नव्हती, माधवी होती. बरं, ते एक चाललं असतं. फोनवर नाव बदलायची बेंगळुरात रीतच होती. पण सुरुवातीला एकदा एका बाईनं विचारलं, "कोण येणार? आडनाव काय त्यांचं?" पारमिता म्हणाली, "देवाप्पा कोलकार." आमच्या भागात कोलकार म्हटलं की पुढं काही विचारावं लागत नाही, जात, गल्ली, सगळं कळतं. बाई म्हणाली, "मग मी नंतर कळवते." ते नंतर अजून आलेलं नाही. त्या दिवशी पारमिताला संताप यायला हवा होता. आली लाज. अशी लाज, की घरात एकटी असून तिनं पदराआड लपावं तसं तोंड फिरवलं. आणि पुढच्या फोनला तिच्या तोंडातनं सहज गेलं, "आमचे पाटील येतील."

काम झालं. कुणी हूं की चूं केलं नाही. तेव्हापासून देवाप्पा कोलकार बेळगावभर पाटील होऊन फिरायला लागले आणि गंमत बघा, त्यांना स्वतःला पत्ताच नाही! गिऱ्हाइकं समोर ‘काका’ म्हणायची, म्हणून खपून गेलं. लेकीनं त्यांना एवढंच बजावलं होतं, "आप्पा, गिऱ्हाइकासमोर मला पोरगी म्हणू नका, ऑफिस म्हणा. घरचा धंदा दिसला की लोक भाव पाडतात." आप्पांनी मान डोलावली. शिकलेली पोर सांगते, त्यात काहीतरी असणारच.

मग एके सकाळी टिळकवाडीतल्या एका अपार्टमेंटमधून विद्युल्लताबाईंचा फोन आला. शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या, मुलगा पुण्याला, घरात एकट्या.

"स्वयंपाकघरातला नळ तुटलाय हो, चिंधी बांधून बसलेय," त्या म्हणाल्या. "आणि येणाऱ्याचं पूर्ण नाव सांगा. आमच्या बिल्डिंगमध्ये परवा चोरी झाली, आता गेटवर आधी नाव द्यावं लागतं."

"देवाप्पा पाटील," पारमिता म्हणाली. जिभेला वळणच पडलं होतं. गेटवर नाव दिलं की तिथं ते कशाशी तरी ताडून बघणार, एवढं तिच्या ध्यानात यायला हवं होतं. पण तेवढ्यात लाल मोबाइल वाजला, आणि निपाणीच्या कुणाचं तरी शटर अर्ध्यात अडकलं होतं.

थोड्या वेळानं विद्युल्लताबाईंचा परत फोन.

"अहो माधवी, इथं जरा गोंधळ झालाय. मी खाली गेटवर आलेय. तुम्ही पाटील सांगितलंत, आणि या गृहस्थांच्या आधार कार्डावर नाव देवाप्पाच, पण आडनाव कोलकार आहे. ऑफिसनं धाडलंय म्हणतात. वॉचमन काही आत सोडत नाही. हे तुमचेच ना? थांबा, स्पीकरवर टाकते, तुम्हीच सांगा त्याला."

आता काय म्हणायचं होतं हो एवढं अवघड? ‘होय, आमचेच, आडनाव सांगताना माझी चूक झाली.’ संपलं असतं. पण चोराच्या मनात चांदणं! पारमिताला वाटलं, बाईंनी सगळं ओळखलं. आता विचारतील, मग पाटील का सांगितलंत? आमच्या स्वयंपाकघरात कुणाला धाडत होता? ही गोष्ट आख्ख्या टिळकवाडीत पसरणार, ऑफिस बुडणार. ते जुनं ‘नंतर कळवते’ तिच्या कानात वाजायला लागलं.

"नाही हो मॅडम," ती म्हणाली. आवाज मात्र लोण्यासारखा. "आमचे पाटील आत्ता निघालेत. हे कोण, मला माहीत नाही. मी ओळखत नाही यांना."

बोलून गेली. पलीकडनं आप्पांचा आवाज आला. घरात कुणी झोपलेलं असलं की ते बोलायचे, तसा हळू.

"व्हय, व्हय. माझंच चुकलं बघा. दुसऱ्या बिल्डिंगला जायचं हुतं."

"चुकलं?" वॉचमन खेकसला. "मघाशी तर नळाचं काम म्हणालास, घराचा नंबरपण सांगितलास! पिशवी उघड. सगळं काढ बाहेर."

फरशीवर लोखंड आदळल्याचा आवाज आला. पाइप पाना, पक्कड, छिन्नी. दर रविवारी आप्पा ती हत्यारं अंगणात मांडून तेल लावत बसायचे, पारमिताला आवाजावरनं एकेक कळत होतं. ती ‘अहो’ म्हणाली. पण इतक्या बारीक आवाजात, की तिचं तिलाही ऐकू गेलं नसेल.

"असू दे रे, वयस्कर माणूस आहे," विद्युल्लताबाई वॉचमनला म्हणाल्या. मग स्पीकर बंद करून पारमिताला, "बरं झालं बाई, तुम्हाला विचारलं. मी तर घेणारच होते घरात. कोलकार काय नि पाटील काय, मला नळाशी मतलब. पण आडनाव जुळत नाही आणि तुम्हीही ओळखत नाही म्हटल्यावर एकटीला भीती वाटते हो. तुमच्या पाटलांना लवकर धाडा."

फोन ठेवला त्यांनी. पारमिता तशीच मोबाइल कानाला लावून बसली. ज्या बाईला भिऊन तिनं जन्मदात्याला नाकारलं, त्या बाईला कशाचं काही नव्हतंच! कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात, ते लोकांच्या भाऊबंदकीवरनं तिनं कितीदा ऐकलं होतं. आज दांडा कोण, ते सांगायला कुणी लागत नव्हतं.

ती उठली. टिळकवाडी काय लांब नाही, रिक्षानं गेली असती तर आप्पा गेटवरच सापडले असते. चपला घातल्या, जिना निम्मा उतरली, आणि थबकली. तिथं जाऊन काय सांगणार? मीच ती माधवी? मीच यांची लेक? कुठल्या तोंडानं? परत वर आली. एका ओळखीच्या प्लंबरला फोन करून त्या नळावर धाडलं, आणि मग टेबलावर डोकं ठेवून पडून राहिली. मोबाइल वाजत होते. एकही उचलला नाही.

आप्पा दुपार टळल्यावर आले. आई, गंगव्वा, दारातच होती. "झालं काम?" तिनं विचारलं.

"बाई घरात न्हवती," आप्पा म्हणाले आणि हातपाय धुवायला गेले.

पारमितानं माडीवरनं ऐकलं. शिव्या घातल्या असत्या, ताट फेकलं असतं, तर बरं वाटलं असतं तिला. आप्पांनी निमूट भाकरी खाल्ली. आई भांडी घेऊन मागं गेल्यावर ती खाली आली आणि त्यांच्यासमोर जमिनीवर बसली. मान वर होईना.

"आप्पा, चुकलं माझं."

"पाटील कवापास्नं सांगत्यास?"

"वर्ष झालं."

"अगागा! वर्षभर पाटीलकी केली म्हणायची, आन मलाच ठावं न्हाय," आप्पा म्हणाले आणि हसले. ते हसणं तिला सोसवेना.

"लोक काम देत नव्हते हो. एकीनं नाव ऐकून फोन ठेवला होता. तुम्ही परत नाक्यावर उभं राहू नये म्हणून—"

"नाक्यावर मी कोलकारच हुतो की गं. कुणी माझी पिशवी वतली न्हवती तिथं."

तिला रडू फुटलं. रडत रडतच तिनं खिशातनं मोबाइल काढला. "मी आत्ता फोन लावते त्या बाईंना. सगळं खरं सांगते. माझे वडील आहेत म्हणून सांगते. माफी मागते."

"नगं."

"का नको?"

"तुझं वझं उतरल. मला परत त्या गेटावर हुभं करशील, एवढंच."

तिनं मोबाइल खाली ठेवला. मागं आईची भांडी वाजत होती. आप्पांनी पायांवर पंचा ओढून घेतला आणि भिंतीला टेकून बसले.

"तुम्ही इतका वेळ कुठं होता?" तिनं विचारलं. "गेटवरनं तर सकाळीच सुटला असाल ना?"

"कुठलं सुटतोय! बाई वर गेली. त्यो वॉचमन काय सोडंना. बाकड्यावर बशिवलं. येणारं जाणारं बघतंय, पोरं विचारत्यात, ह्यो चोर का म्हणून. शेवटाला त्यालाच दया आली आसंल. म्हनला, म्हाताऱ्या, गावात तुला वळखणारं कुणी हाय का? आसंल तर फोन लाव. त्येनं सांगितलं की सोडतो."

"मग?"

"म्या फोन काढला. तुझाच नंबर पयला हाय त्यात."

"पण आप्पा, मला नाही आला तुमचा फोन."

"न्हाय लावला," आप्पा म्हणाले. "तू तर आदीच सांगितलं हुतंस त्यांला, वळखत न्हाय म्हणून."