गायरानातली मुळं

मित्रांनो, मी टिकाव. लोखंडाचा, जुना, एका टोकाने पार झिजलेला. एरंडोलच्या हाशमभाईंनी मला भट्टीत घडवलं आणि भडगावजवळच्या एका गावातल्या झुलालआबांनी विकत घेतलं. आबा गावाची गुरं गायरानात चारायचे.

त्या गायरानात वेडी बाभूळ माजली होती. लोक ती कुऱ्हाडीने तोडायचे, पण बुंध्यातून पुन्हा फुटवे यायचे आणि झुडूप आधीपेक्षा दाट व्हायचं. खाली गवताची काडी उगवत नसे. म्हणून आबांनी मुळंच खणायचं ठरवलं. त्या उन्हाळ्यात सगळा गाव सोबत आला. मी मुरमात घुसून मूळ मोकळं करायचो आणि आबांची बायको तानुबाई ते दोन्ही हातांनी ओढून काढायची. भाद्रपदात तिथे पवन्या आणि मारवेल गवत गुडघ्याएवढं झालं. गाई मान वर न करता चरायच्या. दसऱ्याला गावाने मला हळदकुंकू वाहिलं. मला वाटलं, आपण जिंकलो.

पण बाभळीच्या बिया मातीत होत्याच. पुढच्या वर्षी गवतातून बोटभर रोपं वर आली. आबा घरोघर गेले. शेजारचे हिलालभाऊ म्हणाले, "आबा, गवत तं उगनं. आते काय ऱ्हायनं?"

"बिया पडेल शेतस भाऊ, जमीनमा. आत्तेच उपटी टाकूत."

"देखूत," हिलालभाऊ म्हणाले. कोणीच आलं नाही.

नवरा-बायको दोघंच खणत राहिले. एक कोपरा साफ होईपर्यंत दुसरीकडे झुडपं कमरेला लागायची. मग आबांच्या पायात काटा मोडला. पाय चिघळला, शेवटी पाऊल कापावं लागलं. तानुबाई काही दिवस मला घेऊन एकटी जात राहिली. नंतर तिने मला गोठ्यात ठेवून दिलं.

गवत गेलं तशी लोकांनी गुरं विकली. गेल्या महिन्यात हिलालभाऊंनी आपली शेवटची गाय बाजाराला काढली. ती दोर ओढून गायरानाच्या वाटेलाच वळत होती.

"तिले दुसरी वाट मालूम नही, आबा," हिलालभाऊ खाली बघत म्हणाले.

ओट्यावर बसलेल्या आबांनी हात लांब करून गाईच्या पाठीवरून फिरवला.

मित्रांनो, माझ्या दांड्याला वाळवी लागली आहे. तुमच्या गावात एखादं कुरण उरलं असेल, तर ते एकदा साफ करून घरी बसू नका. रोप बोटभर असतं तेव्हा लहान मूलही ते उपटू शकतं. आमच्याकडे ती वेळ निघून गेली.