तिसाव्या मिनिटानंतर

"आग अर्ध्या तासात विझली ना? मग गणितही तिथंच थांबवा!" साहेबांनी आलेखाचा कागद बाईंच्या पुढ्यात आपटला.

"आग विझते साहेब, धग नाही विझत! गॅस बंद केल्यावर तव्याला हात लावून बघा एकदा."

किरणोत्सारी कचरा नेणारं पोलादी पिंप आगीत सापडलं तर काय होईल, हे संगणकावर मांडून बघायचं, हेच बाईंचं एकोणीस वर्षांचं काम. सगळे त्यांना आगवाल्या बाईच म्हणत. या नव्या पिंपाच्या झाकणाचं रबरी सील अर्ध्या तासापर्यंत शाबूत राहत होतं. पण जाड भिंतीतली धग आत सरकतच राहायची आणि पन्नासाव्या मिनिटाला सील जायचं. म्हणजे आग विझली म्हणून माणसं जवळ जातील, नेमकी तेव्हाच.

"तुमच्या तव्यासाठी गाडी थांबवू? परवा माल निघायचाय."

"माझी सही मिळणार नाही."

"माझं खेटर अडलंय तुमच्या सहीवाचून!"

साहेबांनी आलेख तिसाव्या मिनिटाला कात्रीने कापला, उरलेला तुकडा टोपलीत टाकला आणि अहवालाखाली स्वतःची सही ठोकली. बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. रेघ वर चढत असताना कापायची आणि म्हणायचं, बघा, चढत नाही! लाज कशी वाटत नाही मेल्याला?

तिसऱ्या दिवशी सकाळी ड्रायव्हरमामा कागद न्यायला आले. मामांना आलेखातलं ओ की ठो कळत नसे. ते थेट शेवटचं पान उघडत, बाईंची सही बघत आणि निघत. आज त्यांनी पान दोनदा उलटलं.

"बाई, तुमची सही राहिली."

"राहिली नाही मामा. केली नाही."

"माझी आहे ना!" साहेब दारातून ओरडले. "निघा तुम्ही."

"तुमची सही रजेच्या अर्जावर चालते साहेब," मामा म्हणाले. "पिंपाला मला बाईंचीच लागते."

"नोकरी जाईल, मामा!"

मामांनी खिशातून गाडीची किल्ली काढली, बाईंच्या टेबलावर ठेवली आणि खुर्ची ओढून बसले. साहेब दुसरा ड्रायव्हर शोधायला तरातरा निघून गेले.

बाईंनी टोपलीतून उचलून खणात जपून ठेवलेला तो तुकडा काढला, तळहाताने त्याच्या सुरकुत्या सपाट केल्या आणि एकोणीस वर्षांत पहिल्यांदाच मामांना रेघेवर बोट ठेवून समजावून सांगू लागल्या.

मामांनी सगळं ऐकून घेतलं.

"कागद इथंच राहू द्या बाई," ते म्हणाले. "दुसरा येईल, त्यालाही दाखवू."